नातवाचा शब्द

"ते... फेन्स्तेर लाव ना, वारा येतोय," तो म्हणाला.

बायकोने उठून खिडकी लावली आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? आता घरात स्वीडिश चालते आमच्या. मीच मेली अडाणी राहिले."

"या वयात एवढं लक्षात राहतं, कमालच आहे हो काकांची!"

तोही हसला. खिडकीला आपल्या भाषेत काय म्हणतात, ते तो मघापासून शोधत होता.

लेक तिकडेच स्थायिक झालेली. नातवाला आजोबांची भाषा येत नव्हती, म्हणून आजोबांनी त्याची शिकायची असं ठरलं. रोज सकाळी फोनवर निरोप यायचा: नातवाच्या आवाजात एक शब्द, मागून लेकीच्या आवाजात अर्थ. तो दिवसभर घोकायचा. मग आपले शब्द जायला लागले. आधी चमचा गेला, मग उंबरठा. गेलेल्या शब्दाची जागा रिकामी राहत नसे; तिथे नातवाचा शब्द येऊन बसे. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. उलट कौतुकच झालं.

इस्पितळाच्या धुलाईघरात तो बॉयलर सांभाळायचा. तो पुढे, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेपाशी. फिटर मागे, खालची आग पेटवणाऱ्या बर्नरच्या बटणापाशी. मधल्या अवाढव्य पिंपामुळे दोघं एकमेकांना दिसत नसत. पुढच्याने हाक द्यायची, मागच्याने ती परत म्हणायची आणि मगच बटणाला हात लावायचा. एकदा एक माणूस भाजून गेल्यापासून हा नियम होता.

त्या दुपारी काचेतलं पाणी खाली सरकलं. सरकत सरकत दिसेनासं झालं.

कोरडं पिंप तापत राहिलं तर फुटतं; काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

"एल्ड!" तो ओरडला. "एल्ड! एल्ड!"

पिंपामागून फिटरचं हसू आलं. "आजोबा, नातवाची शिकवणी घरी! इथे माणसासारखं बोला."

तो धावला. गरम नळाला दंड घासला, तरी थांबला नाही. फिटरला ढकलून त्याने बटण दाबलं. बर्नर विझला. फिटर पुढे जाऊन रिकामी काच बघून आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, 'आग बंद' म्हणायचं ना! चेष्टा कसली करता?"

"चेष्टा नव्हती."

फिटर जवळ आला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "कधीपासून?"

त्याने भाजलेला दंड धरला. "दंडावर पाणी घाला आधी," फिटर म्हणाला. "मी नाही बोलणार कुणाला. थोडेच महिने राहिलेत तुमच्या नोकरीचे. हाक मी देईन, तुम्ही मागे थांबा."

"आणि मागे मला हाकेचा अर्थच कळला नाही तर?"

दंड न धुताच तो साहेबांच्या खोलीत गेला.

"बॉयलरवरून काढा मला. आजच."

"आता? निवृत्तीच्या तोंडावर?" साहेबांनी चष्मा काढला. "वर काय कारण सांगू?"

त्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. साहेबांनी खुर्ची पुढे केली. "बसा. सावकाश सांगा."

तो उभाच राहिला. एकेक शब्द हाती लागेपर्यंत थांबला आणि पूर्ण वाक्य जुळल्यावरच बोलला.

"माझ्यामुळे कुणीतरी भाजेल, साहेब."

मग तो खुर्चीत बसला.