आगेवाली

दिल्लीत गोल्फ खेळणारा माणूस आपला चेंडू कुठे गेला ते बघत नाही. तो चेंडू मारतो, काठी खांद्यावर तशीच ठेवून क्षणभर पुतळ्यासारखा उभा राहतो आणि मग पाणी पितो. बघायला वेगळा माणूस ठेवलेला असतो. त्याला आगेवाला म्हणतात. तो पार पुढे, झाडाच्या सावलीत उभा असतो. चेंडू पडला की जागा टिपतो आणि साहेब रमतगमत पोचेपर्यंत तिथे पहारा देतो, नाहीतर कावळे चेंडू पळवतात.

या सोयीमुळेच माझ्या नणंदेची दृष्टी कमी होतेय हे बराच काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्यासुद्धा नाही.

पद्मजाताई माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळा जन्म दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये काढला आणि निवृत्तीनंतर फरीदाबादला आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. लग्न केलं नाही. “राहून गेलं,” असं त्या सांगतात, एखादी बस चुकल्यासारखं. गोल्फ शिकल्या तेव्हा पन्नाशी आली होती, आणि शिकवलं कुणीच नाही. दक्षिण दिल्लीत एक सरकारी मैदान आहे, पैसे भरून कुणीही खेळू शकतं. तिथे रविवारी बाकावर बसून त्या लोकांचा खेळ बघत. “बरोबर कसं मारतात ते काही कळेना,” त्या म्हणतात, “पण चूक कशी करतात ते पाठ झालं. मग मी तेवढं सोडून बाकीचं केलं.”

त्यांचा चेंडू कधी उंच जात नाही. जमिनीपासून जेमतेम वर उठतो, सरळ जातो आणि पडल्यावर घाईत असल्यासारखा पळत सुटतो. मैदानावरच्या बायका हसायच्या. ताईंनी मनावर घेतलं नाही.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली होती आणि गेलेली परत येणार नव्हती. समोरचं दिसत होतं, पण नळीतून बघितल्यासारखं, तेवढंच गोल. उडालेला चेंडू त्या गोलातून सुटला की संपलं. आम्ही मैदानावर जाऊन विष्णूला, म्हणजे ताईंच्या आगेवाल्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “हमको तो पता था, दीदी. पर मैडम का शॉट सीधा था, तो हमने सोचा, बोलके क्या फ़ायदा.”

घरी येऊन ताईंनी चहा केला आणि जाहीर केलं, “मी स्कॉटलंडला जाते.”

एका कंपनीची सहल होती. हा खेळ जिथे सुरू झाला, त्या समुद्राकाठच्या जुन्या मैदानांवर खेळायचं, आणि सगळं समजावून सांगायला तिथलाच एक गाईड. नजर आणखी आकसायच्या आत त्यांना एकदा तिथे खेळायचं होतं, विशेषतः त्यातल्या सगळ्यात जुन्या मैदानावर, पहिल्या होलपासून शेवटच्या होलपर्यंत.

“मी येतो सोबत,” माझा नवरा मुरलीधर म्हणाला.

“तू नको. तू सल्ले देशील. शालिनी येईल.”

मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तीच माझी पात्रता ठरली. जायच्या आधी काही रविवार विष्णूकडे माझी शिकवणी झाली. “गेंद के पीछे आँख से मत भागो,” तो सांगायचा. “गिरते ही एक पेड़ पकड़ लो. फिर पेड़ मत छोड़ो.” पहिल्या रविवारी मी चेंडू समजून घारच बघत राहिले. पण हळूहळू जमायला लागलं. चेंडू पडला की मी त्याच्यामागचा कडुनिंब नाहीतर बाभूळ नजरेत धरायची आणि सरळ चालत जायची. चेंडू तिथेच असायचा. मला स्वतःचा भलताच अभिमान वाटायला लागला.

स्कॉटलंडला पोचलो आणि पहिल्याच मैदानावर मी नजरेत धरायला झाड शोधलं. तिथे झाडच नव्हतं.

एकही नाही. एका बाजूला करडा समुद्र, दुसऱ्या बाजूला बार्लीची शेतं आणि मधे वाळूच्या टेकाडांची एक लांब पट्टी, तिच्यावर आखूड, चिवट गवत. आमचा गाईड डग्लस सत्तरीचा, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस. तो म्हणाला, या जमिनीत काही पिकत नाही, म्हणून खेळाला मिळाली. मैदान कुणी आखलं नाही. उंचवटे वाऱ्याने केले आणि खड्डे मेंढ्यांनी, आडोशाला बसून बसून. आमच्याकडे मैदान म्हणजे माळी, पाईप आणि गुलाबाचे वाफे. हे मैदान नुसतं होतं. मी तशी सहजासहजी भारावून जाणारी बाई नाही, पण तिथे उभी राहिले आणि बोलायचं विसरले.

बोलायचं विसरले ते ठीक, पण चेंडूही हरवायला लागले. मी ताईंच्या शेजारी उभी. चेंडू जायचा, पडायचा आणि मागे धरायला काहीच नसायचं. हे टेकाड ते टेकाड, सगळी सख्खी भावंडं. आम्ही गवतात शोधत फिरायचो, आमच्या गटातले गुडगावचे बत्राजी घड्याळ बघायचे आणि मागून येणारे लोक कमरेवर हात ठेवून उभे राहायचे.

“भाभीजी,” शेवटी बत्राजी मला म्हणाले, “ताईजी को बोलो ना, आराम से चाय पिएँ. इस उम्र में क्या टेंशन लेना.”

“आपकी उम्र क्या है, बत्राजी?” ताईंनी विचारलं. त्यांचे कान उत्तम आहेत.

“जी, चौंसठ.”

“मुझसे दो साल छोटे. आप भी पी लीजिए.”

संध्याकाळी हॉटेलात डग्लस आमच्या टेबलाशी आला. टोपी हातात धरून, अवघडून म्हणाला, की उद्या ते सगळ्यात जुनं मैदान. तिथे एकामागून एक गट सुटतात. चेंडू तीन मिनिटांत सापडला नाही तर तो गेला असं समजून पुढे जायचं असतं. आजच्यासारखा खोळंबा झाला तर बाईंना अर्ध्यातून बाहेर काढावं लागेल आणि ते त्याला फार वाईट वाटेल. त्यापेक्षा उद्या त्यांनी न खेळता नुसतं सोबत चालावं.

“नुसतं चालायला मला फरीदाबादला पार्क आहे,” ताई मला मराठीत म्हणाल्या. डग्लसला मात्र इंग्रजीत, फाईलवर शेरा मारल्यासारखं सांगितलं, “सकाळपर्यंत कळवते.”

खोलीत आल्यावर मी म्हटलं, “ताई, सांगून टाकू या ना त्याला.”

“काय सांगायचं? बिचारीला दिसत नाही? मग तो मला हाताला धरून नेईल. प्रत्येक खड्ड्यापाशी ‘जपून, जपून’ करेल. आणि तो बत्रा चेंडू नुसता हलला तरी टाळ्या वाजवेल. मी खेळायला आलेय गं, सत्कार करून घ्यायला नाही.”

“मग उद्या बसणार का बाहेर?”

ताई बुटांतली वाळू एका वर्तमानपत्रावर झटकत राहिल्या.

मी खिडकीतून ती टेकाडं बघत होते. विष्णूचं झाड हवं होतं मला, आणि इथे झाड उगवणार नव्हतं. मग डोक्यात आलं, की विष्णूला स्वतःला कधी झाड लागतच नाही. झाड लागतं ते मागून बघणाऱ्याला. तो पुढे उभा असतो, चेंडू त्याच्या पायाशीच येऊन पडतो.

“ताई, मी शेजारी उभीच कशाला राहू? मी पुढे जाते.”

“डग्लस जाऊ देणार नाही. इथे चेंडूच्या पुढे कुणी उभं राहत नाही. कारण विचारेल.”

“मग कारण सांगा.”

बूट खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. समोरचं दिसतं त्यांना, चांगलं दिसतं.

सकाळी त्या डग्लसकडे गेल्या आणि उभ्या उभ्याच, एका दमात सांगून टाकलं. मला काचबिंदू आहे. उडालेला चेंडू दिसत नाही, जमिनीवरचा दिसतो. ही माझी भावजय, ही पुढे उभी राहून चेंडू टिपेल, दिल्लीत तशी पद्धत आहे. खोळंबा होणार नाही. झाला तर मी स्वतः बाहेर पडेन, तुम्हाला सांगावं लागणार नाही. मदतीचा हात नको.

मला वाटलं तो “अरेरे” म्हणेल. तो म्हणाला, “पद्धत तुमची कशी? आमची आहे ती.” पूर्वी म्हणे तिथेही असा माणूस पुढे धाडत. चेंडू महाग असायचे, हरवून चालायचं नाही. चेंडू माणसांकडे निघाला की अजून ‘फोर’, म्हणजे ‘पुढे’, असं ओरडतात, ते त्या पुढच्या माणसाला सावध करायला होतं असं काही जण सांगतात. “आमच्याकडे ती माणसं कधीच संपली,” डग्लस म्हणाला, “तुमच्याकडे टिकली होय?” आणि तो मैदानाच्या माणसाशी बोलायला गेला. परत आला तो एक शिट्टी घेऊन. ती माझ्या गळ्यात अडकवली.

त्या दिवशी मी लाल विंडचीटर घातला होता. त्याचा एक फायदा झाला, जो आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. एवढ्या हिरव्या-करड्या पसाऱ्यात ताईंना त्यांच्या त्या गोलात मी स्पष्ट दिसत होते. मी बरोबर दिशेला उभी राहून शिट्टी वाजवायची, त्या माझ्यावर नेम धरायच्या आणि मी बाजूला पळायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. नणंद माझ्यावर सरळ नेम धरून चेंडू मारतेय आणि मी कौतुकाने बघतेय, असा दिवस येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आणि काय खेळल्या त्या! वारा समुद्राकडून असा सुटला होता की बत्राजींचे उंच, देखणे फटके वर जायचे, थबकायचे आणि शेतांकडे वळायचे. ताईंचा बुटका चेंडू वाऱ्याच्या खालून निघून जायचा. पडला की त्या कडक जमिनीवरून उड्या मारत, उंचवट्यांना वळसे घालत पळायचा. डग्लस एकदा थांबून म्हणाला, की हे असं मारायला तो इथे लोकांना आठवडा आठवडा शिकवतो आणि त्यांना येत नाही. ताई म्हणाल्या, “मला दुसरं काही येत नाही.” चेंडू हरवत नव्हते. मागचा गट मागेच होता.

मग ते उंच टेकाड आलं. मारायची जागा अलीकडे, होल पलीकडे आणि मधे वाळूचा डोंगर. वर फक्त एक पट्ट्यापट्ट्यांचा खांब, दिशा दाखवायला. पलीकडे एक घंटा. पुढचे लोक निघून गेले की ती वाजवायची, म्हणजे अलीकडच्यांनी मारायचं.

“अरे यार, यहाँ तो कुछ दिखता ही नहीं!” बत्राजी म्हणाले. “अंधेरे में मारूँ क्या?”

“उसमें क्या है,” ताई म्हणाल्या. “मैं सुबह से वही कर रही हूँ.”

बत्राजी हसायला गेले आणि मधेच थांबले. त्यांनी टोपी काढली, मग उगीच परत घातली.

मी पलीकडे जाऊन घंटा वाजवली आणि कडेला सरकले. आधी बत्राजींचा चेंडू वरून आला आणि धपकन उंच गवतात गेला. मग थोडा वेळ फक्त वारा. मग टेकाडाच्या अगदी डोक्यावरून, गवताला घासतच, ताईंचा चेंडू आला, उतारावर टेकला आणि घरंगळत घरंगळत होलभोवतीच्या हिरवळीवर शिरला. झेंड्यापासून चांगला लांब थांबला, खोटं कशाला सांगू. पण थांबला हिरवळीवर. मी शिट्टी इतकी फुंकली की ससे बाहेर आले.

टेकाडावर सगळ्यात आधी बत्राजी दिसले. “भाभीजी, मेरी वाली भी देखी क्या?” एवढ्या नम्रपणे त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकलं. मी गवतात बोट दाखवलं. तिथून पुढे मी त्या दोघांची आगेवाली झाले.

शेवटचा होल गावाला लागून आहे. मधे एक दगडी भिंत आणि तिच्यावर संध्याकाळचे बसलेले म्हातारे. ताईंचा चेंडू दोनदा होलच्या काठावरून निसटला. तिसऱ्यांदा तो आत पडल्याचा टप्प असा आवाज आला. भिंतीवरच्या एकाने टोपीला हात लावला, बस. टाळ्या नाहीत, काही नाही. बत्राजींनीसुद्धा नुसता हात पुढे केला आणि ताईंनी तो हलवला.

डग्लस चेंडू काढून त्यांच्या हातात देत म्हणाला, “उद्या सकाळी आठ. आणि तुमची आगेवालीही.”

तो गेला. ताई काठीवर रेलून उभ्या राहिल्या. दमल्या होत्या, ओठांवर वाळू होती.

“शालिनी, समुद्र कुठल्या बाजूला गं?”

“तुमच्या उजवीकडे. सकाळपासून तिथेच आहे.”

“नुसता ऐकला. तुला सोडून दुसरीकडे बघायला फुरसतच नव्हती.”

मी त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. माझे हात झटकले नाहीत त्यांनी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान हळूहळू फिरवत, तुकड्या-तुकड्याने, त्यांनी तो सगळा बघून घेतला. कुठलाच तुकडा सोडला नाही.

“बराच आहे की,” त्या म्हणाल्या.