पुढूनमागून सारखी पाटी

"चौकात सोडलेली शेळीसुद्धा माझ्या पाट्या बघत धक्क्यावर जाईल, साहेब, आणि चहा पिऊन बाजारात परत येईल," असं पेंटरनं रस्ते विभागाच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. यातलं जाण्याबद्दलचं तेवढं खरं ठरलं.

बाजारापासून पाण्यापर्यंत चालत जेमतेम वीस मिनिटं. पण मधे तो आठपदरी रस्ता झाला, गोदामं आली, आणि आपल्या शहराला पाणी आहे हेच लोक विसरून गेले. धक्क्यावर पेंटरच्या थोरल्या बहिणीचं चहाचं दुकान होतं. टेबलं सहा, त्यातल्या दोनांवर मांजरं. ताईनं निक्षून सांगितलं होतं, "शनिवार संध्याकाळपर्यंत बघते. नाहीतर किल्ली बंदर ऑफिसात देऊन मोकळी होते."

म्हणून एकोणचाळीस पाट्यांचं काम मिळालं तेव्हा पेंटरनं जीव ओतला. पाट्या दोन्ही बाजूंनी रंगवायच्या होत्या. जाणाऱ्याला 'धक्का', परतणाऱ्याला 'बाजार'. सगळा रस्ता सरळ, त्यामुळे बाणही सरळ. वळण एकच, जुन्या पाण्याच्या टाकीपाशी. त्या पाटीसाठी त्यानं आपला पत्र्याचा साचा काढला. डावीकडे वळणारा बाण, स्वतः कापलेला, बावीस वर्षं वापरातला. साचा कधी उलटा करायचा नाही, ही त्याची शिस्त. उलटा केला की ओली बाजू पाटीला लागते आणि काम बरबटतं. त्यानं पाटीच्या पुढच्या बाजूला बाण मारला, मग मागच्या बाजूला मारला, आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आल्या म्हणून स्वतःवरच खूश झाला.

शुक्रवारी दुपारी शेवटची पाटी खांबावर चढली. तीन वाजता ताईच्या दुकानात चार माणसं होती. साडेतीनला अकरा. चारला मांजरांना टेबलं सोडावी लागली.

"बघितलंस?" पेंटर गल्ल्याशेजारी पाय पसरून बसला. "याला म्हणतात काम."

"पाय आवर आधी, शहाण्या. गिऱ्हाईक अडखळतंय," ताई म्हणाली, पण तीन बशा एका हातावर पेलताना तिचा चेहरा असा फुलला होता की पेंटरनं मुकाट्यानं पाय जवळ घेतले.

पाच वाजता बाजारातले घड्याळवाले आत आले आणि खुर्चीत कोसळले.

"या, या," ताई म्हणाली. "मघाशी येऊन गेलात ना?"

"मघाशी दोनदा येऊन गेलो. ही तिसरी वेळ." घड्याळवाल्यांनी मनगट वर केलं. "टाकीपाशी पाटी म्हणते, बाजार डावीकडे. डावीकडे वळलो की गोदामांच्या मागून फिरून तुमच्या दुकानाच्या दारात. एक फेरी अठरा मिनिटांची, सेकंदाचा फरक नाही. चहा उत्तम आहे, पण मला दुकान उघडायचंय."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आमची चौथी."

दुसरं कुणीतरी म्हणालं, "आम्हाला वाटलं, बाजारच हलवला."

पेंटरनं हवेत बोट फिरवून हिशेब केला. जाताना डावीकडे. म्हणजे येताना... त्यानं खुर्चीतच उलटं बसून पाहिलं. येताना उजवीकडे. त्याचे कान लाल झाले.

गिऱ्हाइकांना तोंडी वाट सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, उद्याच्या दिवस राहू देऊ का? निदान दुकान तरी..."

"कोंडून ठेवलेल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणत नाहीत रे." ताईनं टेबलावर फडकं मारलं. "ज्याला इथून धड घरी जाता येत नाही तो परत कशाला येईल? बाण बदल. मग आली माणसं तर आली. नाहीतर किल्ली आहेच."

शनिवारी पेंटरनं ती पाटी उतरवून ताईच्या दारात आणली. बाजाराच्या बाजूचा जुना बाण खरवडला. रॉकेलच्या बोळ्यानं साचा दोन्हीकडून लख्ख पुसला, एकदा इकडेतिकडे बघितलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा साचा उलटा केला. बाण उजवीकडे वळला. सुंदर वळला. रंग वाळायला थांबण्याइतका त्याला धीर नव्हता. पाटी पाठीवर टाकून तो टाकीपर्यंत गेला, ती खांबावर चढवली आणि धावत परत येऊन दुकानात भिंतीला टेकून बसला.

सहा वाजले, कुणी नाही. मांजरं आपापल्या टेबलांवर परत आली. ताईनं खिळ्यावरची किल्ली काढून पदरात बांधली. पेंटर जमिनीकडे बघत होता.

सव्वासहाला घड्याळवाले आले. मागे बायको, दोन सुना, एक व्याही आणि शेजारचे शिंपी.

"आता हो काय चुकलं?" पेंटरनं घाबरत विचारलं.

"काही नाही. आज मुद्दाम आलोय." घड्याळवाल्यांनी बायकोसाठी खुर्ची ओढली. "काल तीन वेळा पाण्यावरून सूर्य बघितला. घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटेना."

त्यांच्या मागून कालचे चार फेऱ्यांवाले आले. मग शाळेच्या बाई आल्या, आपल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन. साडेसातला शेजारून बाक उसना आणावा लागला. आणि जे उठले ते टाकीपाशी उजवीकडे वळून नीट घरी पोचले.

ताईनं पदरातली किल्ली सोडून पुन्हा खिळ्याला लावली.

"माझ्या भावाच्या पाट्या आहेत," ती व्याह्यांना सांगत होती. "एकोणचाळीस. दोन्ही बाजूंनी."

पेंटर छाती काढून घरी निघाला. धक्का, टाकी, मग बाजाराच्या अलीकडे डावीकडची गल्ली. आपल्या मागून बरीच पावलं वाजताहेत असं त्याला वाटलं, पण कौतुकानं येत असतील म्हणून त्यानं वळून पाहिलं नाही. त्याच्या पाठीवर पाटीचा ओला बाण छापला गेला होता, अर्थातच डावीकडे. घराच्या दारात बायकोनं नऊ माणसं मोजली. बाजार कुठे, असं ती माणसं विचारत होती.