टिचकीमावशी

एकोणीसशे ब्याऐंशी साली कपबशांच्या कारखान्यात हातमोजे आले आणि सगळ्यांना सक्तीचे झाले.

"घाला की मावशी. लाजताय काय नव्या नवरीसारखं?" मुकादम म्हणाला.

मावशी तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी साहेब त्यांना दरवर्षी वर्षभरासाठी पुन्हा ठेवून घेत. भट्टीतून निघालेल्या कपाला नखाने टिचकी मारून चीर ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणून तर त्या टिचकीमावशी. भिंतीकडे तोंड असलेल्या बाकावर त्या काम करत आणि साडेबाराच्या सुट्टीत डबाही तिथेच खात. कपाचा बारीक नाद त्यांना चार वर्षांपासून ऐकूच येत नव्हता, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. कप डाव्या तळहातावर धरून त्या टिचकी मारत. चांगला कप तळव्याला थरथर देई, चिरलेला मुका राही.

"उजवा मोजा काढा हवा तर," मुकादमाने सवलत दिली. "टिचकी कशी मारणार नाहीतर?"

"डावा काढला तर?"

"डाव्याचं काय काम? तो नुसता धरायला!"

मावशींनी डावा मोजाही चढवला. खरं कारण सांगितलं असतं तर कानांचं बिंग फुटलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात नव्या वर्षाच्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या.

मोज्यातून तळव्याला काहीच कळेना. तीन दिवस त्यांनी अंदाजाने कप निवडले. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाकडून खोकं परत आलं. अकरा कप चिरलेले.

साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "मावशी, तुमच्या हातून असं? झालं तरी काय?"

मावशींनी टेबलावरच्या कपांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कंटाळले हो आता. लक्ष लागत नाही."

"मग विश्रांतीच घ्या."

"हो," मावशी म्हणाल्या. मोजे काढून त्यांनी नीट जोडी लावून ठेवले.

पुढे कारखान्यात टिचकीचं काम यंत्राकडे गेलं. साहेब मुलीकडे परदेशी गेले. मुकादमाने स्वतःचं दुकान काढलं, ते बरं चाललं. मावशी आणखी अकरा वर्षं जगल्या. घरी सून गरम ताट वाढायची, पण मावशींना घास उतरायचा नाही. महिनाभर पाहून सुनेने सकाळीच त्यांचा डबा भरून ठेवायला सुरुवात केली. बरोबर साडेबाराला मावशी तो उघडत आणि भिंतीकडे तोंड करून जेवत.