शेपटीसकट

थोरल्या जावेचा तोंडावर ताबा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, खुद्द तिलासुद्धा. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मग चार दिवस जिवाला घोर. पण हा घोर दोन वर्षांपूर्वीचा होता, आणि आज सकाळी तो वाचनालयात तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

वाचनालयाची एक वेबसाइट होती. गावातले हौशी लोक जे काही वाजवत, ते ग्रंथपाल घरोघरी जाऊन रेकॉर्ड करत आणि तिथे ठेवत, तेही मोकळ्या परवान्याने: कोणीही घ्या, वाजवा, हवं तर बदला, फक्त नाव आमचं सांगा. थोरलीचं अकॉर्डियन आणि धाकट्या जावेचं व्हायोलिन अशी दोघींची एक धून तिथे होती. कालच ही गावची साइट जगभरच्या एका मोठ्या साइटला जोडली गेली. इकडचं सगळं आता तिकडे आपोआप दिसणार. ग्रंथपालांचा चेहरा मुलीचं लग्न जमल्यासारखा फुलला होता.

"वहिनी, एक छोटीशी गंमत झालीये," ते म्हणाले.

ग्रंथपाल गंमत म्हणाले की समजावं, काहीतरी निस्तरायचं आहे.

त्यांच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला शेपटी असायची. वायरी गुंडाळून झाल्याशिवाय यंत्र बंद करायचं नाही, ही त्यांची पद्धत. फाइल ते कापत नसत, कुठून कुठपर्यंत वाजवायचं याच्या खुणा तेवढ्या करून ठेवत. गावच्या साइटला त्या खुणा कळायच्या. मोठ्या साइटला काही कळल्या नाहीत. तिने अख्खी फाइल उचलली, शेपटीसकट. खोकले, खुर्च्या, बोलणी, सगळं.

आपल्या शेपटीत काय आहे ते थोरलीला पाठ होतं. धाकटी तेव्हा घरात नवी. वाजवून झाल्यावर ती चहा टाकायला आत गेली आणि थोरली ग्रंथपालांना म्हणाली, "हिला सूर सात जन्मांत सापडायचा नाही. व्हायोलिन वाजवते की दार करकरतंय?"

"तुम्ही ऐकलं होतंत ते?" तिने आता विचारलं.

"मी? मी वायरी गुंडाळत होतो," असं म्हणून ग्रंथपाल समोरची पुस्तकं सारखी करू लागले. म्हणजे ऐकलं होतं.

"काढून टाका."

"संध्याकाळपर्यंत कापून चढवतो. पण परवाना मोकळा आहे, वहिनी. कोणी आधीच उतरवून घेतलं असेल तर परत मागता येत नाही."

जगाशी थोरलीला काही देणंघेणं नव्हतं. जगाला तिची भाषा कुठे कळत होती? भीती एकाच माणसाची होती. धाकटी आता छान वाजवायची. दुपारी दोघी वाजवायला बसल्या की थोरलीला तहानभूक आठवत नसे. फक्त धाकटीची एक सवय जात नव्हती. प्रत्येक धून संपली की ती हळूच विचारायची, "बरोबर लागलं ना, ताई?" हिने हे ऐकलं तर व्हायोलिन एकदा पेटीत जाईल ते कायमचं, हे थोरलीला स्पष्ट दिसत होतं.

ती जवळजवळ पळतच घरी आली. धाकटी टेबलाशी बसली होती, कानांवर हेडफोन.

"ते ऐकू नकोस गं," थोरली दारातूनच म्हणाली.

"ऐकलं," धाकटी म्हणाली. "आणि मला ते माहीत होतं, ताई. त्या दिवशीच. ट्रे घेऊन दारापर्यंत आले होते, तशीच मागे फिरले. चहा पुन्हा गरम केला."

थोरली तिच्या शेजारी येऊन बसली. दोन वर्षं ही पोरगी आपल्यासमोर हसतखेळत वावरली, आणि आपल्याला पत्ता नाही. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? सूर खरंच लागत नव्हता."

थोरलीला रडूच कोसळलं. धाकटीने हेडफोन काढून तिच्या कानांना लावला. "मी अर्धंच ऐकून फिरले होते. पुढचं आज ऐकलं. तुम्हीपण ऐका."

आधी ते करकरणारं दार. मग ग्रंथपालांचं दाबलेलं हसू, लबाड कुठले. आणि मग तिचाच आवाज, जरा उतरलेला: "पण ती आल्यापासून घराला घरपण आलं हो. इतकी वर्षं मी भिंतींसाठी वाजवलं. बेसूर का होईना, सोबत तर आहे. कंटाळून सोडलं नाही म्हणजे मिळवली."

हे आपण बोललो होतो? थोरलीला मुळीच आठवत नव्हतं. वाईट तेवढं तिने जपून ठेवलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि रडू आणखीच वाढलं.

शेवटी नाक पुसून तिने ग्रंथपालांना फोन लावला. "आमचं कापू नका."

"अहो, पण ते दार?"

धाकटीने फोन ओढून घेतला. "दारासकट राहू दे."

मग दोघी वाजवायला बसल्या. धून संपली, अकॉर्डियनचा भाता मिटला. थोरली नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत थांबली.

धाकटीने पान उलटलं आणि पुढची धून सुरू केली.