अकराच्या अकरा

मे महिना लागला, परीक्षा आटोपल्या आणि लातुरातल्या शिकवण्यांची पोरंपोरी बॅगा उचलून गावोगाव पांगली, की धुरपताबाईला डुकरांच्या खाण्याची चिंता पडायची. खानावळी बंद म्हणजे उष्टं बंद, आणि तिची डुकरं त्या उष्ट्यावरच पोसायची. भूकंपात नवरा आणि घर एकाच पहाटे गेलं, तेव्हा एक गाभण डुकरीण दोरीला धरून ती चालत लातूरला आली होती. तेरा वर्षांत शहराबाहेरच्या तिच्या पत्र्याच्या शेडात त्या एकीची वीस झाली. पण दर उन्हाळ्यात आईपासून तोडलेली पिल्लं हागवणीनं मरायची. यंदा अकरा पिल्लं नुकतीच तोडली होती.

दालमिलमधून तुरीचं टरफल आणि गव्हाचा कोंडा पोत्यानं मिळत होता. पण गेल्या साली तेच घातलं आणि सहा पिल्लं पोट फुगून गेली. तेव्हापासून तिनं टरफलाचा धसका घेतला होता.

"मावशी, टरफल वैरी नाही," जनावरांची नवी डॉक्टर मृण्मयी म्हणाली. "आतड्याला थोडा चोथा लागतोच. पण तो फोडायची ताकद एवढ्याशा पिल्लांच्या पोटात नसते. ती या पुडीत आहे. एन्झाइम म्हणतात याला. मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, त्यात मूठभर टरफल आणि ही चिमूटभर पूड."

देगलूरचा व्यापारी व्यंकटी डुकरं बघायला आला होता. तो पोट धरून हसला. "धुरपतक्का, डुकराला भुसा? बैल पाळायलीस का काय?"

"हसून घे," धुरपताबाई म्हणाली आणि पुडी पदरात बांधली.

चौथ्या दिवशी सगळ्या शेडात आंबूस वास सुटला. हागवण लागली होती. दोन पिल्लं आडवी पडली. मृण्मयी धावत आली, पिल्लांची पोटं चाचपली आणि पालथ्या घमेल्यावर मटकन बसली. तिचा चेहरा उतरला होता. "माझंच चुकलं, मावशी. बंद करा हे. उद्यापासून नुसता भरडा घाला."

धुरपताबाई चुलीकडं वळली. चुलीवर खाण्याचं पातेलं रटरटत होतं. उष्टं उकळल्याशिवाय घालायचं नाही ही तिची जुनी सवय, म्हणून भरडाही ती उकळायची. पुडीतली चिमूट तिनं वाफेवर धरली आणि तशीच थांबली.

"बाई, इरजण उकळत्या दुधात टाकलं तर दही लागतंय का?"

मृण्मयीनं मान वर केली. "मावशी, तुम्ही पूड कधी टाकता?"

"उकळी फुटल्यावर. सगळं एकजीव व्हावं म्हणून."

"अरे देवा! आचेनं तिचा जोरच मरतो. आणि मी ते सांगितलंच नाही!"

"मग रडतीस कशाला? पुडी वाईट न्हाई, माझी चूल वाईट हाय." धुरपताबाईनं खसकन लाकडं बाहेर ओढली.

त्या दोन पिल्लांना दोघींनी मांडीवर घेऊन मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. टरफल तीन दिवस बंद ठेवलं. मग धुरपताबाई कोपर बुडवून खाणं कोमट झालं का बघायची, पूड आधी कोरड्या कोंड्यात चोळायची आणि मगच मिसळायची. टरफलही तिनं चिमटीचिमटीनं वाढवलं. आडवी पडलेली दोन्ही उठली, तेव्हा तिनं त्यांना गूळ चाटवला.

आठवड्यानं सकाळी तिनं एवढी मोठी हाक मारली की शेजारच्या बाया धावत आल्या. ती काटकीवर लेंडी उचलून उभी होती. "बघा गं! कशी बांधून आलीय! सोन्यासारखी!" बायांनी नाकाला पदर लावले. मृण्मयीनं मात्र ती काटकी हातात घेतली, निरखून पाहिली आणि धुरपताबाईला मिठीच मारली.

जून सरता सरता व्यंकटी काटा घेऊन आला. पोत्यात घालून एकेक पिल्लू आकड्याला लटकवू लागला. गेल्या साली याच वयाची पिल्लं सहा किलोची भरली होती. पहिलं नऊ भरलं. दुसरं साडेनऊ. व्यंकटीनं काटा झटकला, आकडा तपासला, पुन्हा लटकवलं. पुन्हा साडेनऊच. आजारातून उठलेली दोन्हीही आठाच्या वर गेली.

"मेली किती?" त्यानं विचारलं.

"एक बी न्हाई," धुरपताबाई म्हणाली. भूकंपानंतर पहिल्यांदाच तिच्या हातून काहीच गेलं नव्हतं.

"सगळी दे मला."

"नऊ घेऊन जा. दोन माद्या माझ्या. अन् भाव मी सांगीन."

व्यंकटीनं मान डोलावली. गाडीत पिल्लं भरून झाली तरी तो काही निघेना. टोपी काढली, पुन्हा घातली. "अक्का, देगलूरला माझी बी पिल्लं हाईत... ते भुशाचं कसं करायचं?"

धुरपताबाईनं त्याला चुलीजवळ बसवलं आणि पातेलं पुढं सरकवलं. "बाही वर कर. घाल कोपर."

व्यंकटीनं मुकाट बाही वर केली.