कॉर्डेलला बॉल द्या

“मिस अर्नेटा, उद्या कोचनं कॉर्डेलला बॉल कमी दिला ना, तर मी हे दुकान बंद करून टाकतो की नाही बघा,” मासे तळता तळता ओटिस म्हणाला.

“बंदच कर,” अर्नेटा म्हणाली. “गेल्या शुक्रवारचा मासा आतून कच्चा होता.”

दुकानात बसलेले सगळे हसले. हसून गप्प बसतील तर ते टिलमन गावचे कसले! ओटिसच्या दुकानात शुक्रवारी संध्याकाळी मासा कमी आणि फुटबॉल जास्त विकला जातो. खिडकीपाशी बसलेल्या एकाचं म्हणणं पडलं की कॉर्डेलला पहिल्यापासून जुंपायला हवं. दुसरा म्हणाला, छे, पहिला अर्धा वेळ जपून वापरायचा आणि मग शेवटी समोरचे दमले की सोडायचा अंगावर. तिसऱ्यानं दोघांनाही वेड्यात काढलं. त्याच्या मते पहिल्यापासूनही जुंपायचा आणि शेवटीही सोडायचा. पोरगा विशीतला आहे, आता नाही राबायचं तर कधी? आणि हे सगळं त्या पोराच्या आईसमोर, अर्नेटासमोर, जणू ती शाळेची बस चालवणारी बाई नसून भिंतीवरचं कॅलेंडर आहे.

अर्नेटाचं पित्त खवळलं होतं, पण बोलून काय उपयोग? रविवारी चर्चमध्ये पास्टर मॅब्रींनीसुद्धा हात वर करून देवाकडे मागणं मागितलं होतं, की प्रभो, आमच्या कोचला सुबुद्धी दे आणि बॉल कॉर्डेलकडेच दे. सगळ्या चर्चनं मोठ्यानं आमेन म्हटलं. जिथे देवालाच कामाला लावलंय, तिथे ओटिसला काय सांगायचं?

ह्या अमेरिकी फुटबॉलमधलं कॉर्डेलचं काम तसं समजायला सोपं होतं. बॉल काखेत मारायचा आणि समोर उभ्या असलेल्या दांडगटांच्या भिंतीत घुसायचं. प्रत्येक वेळी शेवट एकच, तीन-चार जण अंगावर पडायचे. त्यांच्या खालून कॉर्डेल उठायचा, आणि कोच ब्रँट पुन्हा त्यालाच बॉल द्यायला लावायचे. कॉलेजचा संघ यंदा जिंकत होता तो ह्याच एका जोरावर, आणि म्हणून सगळ्या परगण्याला वाटायचं की हे पोर आपल्या मालकीचं आहे.

माशांचा पुडा घेऊन ती घरी आली तेव्हा तिचा नवरा रॉस्को त्याच्या आरामखुर्चीत टीव्हीसमोर बसला होता. टीव्हीवरही तेच चाललं होतं. कोट घातलेले चार जण कॉर्डेलला किती वापरावं यावर भांडत होते.

“बरोबर बोलतोय तो टकल्या,” रॉस्को म्हणाला. “म्हणतो, पोरगा जितका पळतो तितका तापत जातो. शेवटी दमतात ते समोरचे. कॉर्डेल नाही दमत. माझ्यावर गेलाय.”

“तुझ्यावर गेलाय त्याचीच तर भीती वाटते मला.”

“म्हणजे?”

“मासा खा. गार होतोय.”

तिनं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. टेबलावर ठेवलं असतं तर त्याचे हात तिथवर नीट पोचले नसते. रॉस्कोनं उमेदीची सगळी वर्षं ओंडक्यांच्या ट्रकवर घालवली होती. लादलेल्या ओंडक्यांवरून जाड साखळ्या पलीकडे भिरकावायच्या आणि खालून आवळायच्या, दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. “रॉस्कोला द्या, रॉस्को करेल,” असं सगळे म्हणायचे आणि रॉस्को करायचा. आता त्याचे दोन्ही खांदे गेले होते. सकाळी शर्टाच्या बाह्या अर्नेटाच चढवायची, डोक्यावर टोपीही तीच ठेवायची. तो मात्र अजून अभिमानानं सांगायचा, की मी एकाही दिवशी ‘नाही’ म्हणालो नाही.

“शाळेची बससुद्धा मधून मधून उभी करतात रे,” ती म्हणाली. “तेल बदलतात, चाकं बघतात. लोखंडाची असून. आणि हे पोर?”

“बसवर कोणी बोली लावत नाही, अर्नेटा. त्याला मोठे व्यावसायिक संघ घेतील. ते बघायला येतात की पोरगा किती ओढतो.”

“आणि ओढून ओढून तुटला तर?”

“तू ना, अपशकुनी बोलू नकोस. केचप कुठाय?”

तिनं हात टेकले. फोन उचलला आणि कॉर्डेललाच लावला.

“आई, मी जेवतोय.”

“जेव. मला एक सांग. दमलं की हेल्मेटवर हात मारायचा, म्हणजे ते बाहेर घेतात आणि दुसऱ्याला आत पाठवतात. असंच आहे ना?”

“हो. का?”

“मग तू कधीच का मारत नाहीस?”

“मी दमत नाही म्हणून.”

“माझ्याशी खोटं बोलतोस? तुझे लंगोट धुतलेत मी.”

तो हसला. “अगं, तसं कुणी करत नाही.”

“तो लॅमर करतो.”

“म्हणून लॅमर राखीव बाकावर असतो.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “आई, हे सगळं चित्रित होतं. मोठ्या संघांची माणसं पुन्हा पुन्हा लावून बघतात. एकदा जरी हात डोक्यावर गेला ना, की म्हणतात ह्याच्यात दम नाही. तू काळजी नको करू. ये उद्या. आणि ती पिवळी टोपी नको घालू, सगळे हसतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिवळी टोपीच घालून गेली.

खेळाडूंच्या घरच्यांना संघाच्या बाकामागेच जागा असते. अर्नेटाच्या शेजारी नेहमीप्रमाणे क्लोडीन बसली होती. तिचा पोरगा कॉर्डेलच्या पुढे उभा राहून समोरच्यांना धक्के देत त्याला वाट करून देणाऱ्यांपैकी होता. क्लोडीनचा आवाज असा, की मैदानातल्या पंचांनीसुद्धा वळून बघावं. सामना तासाभरातच एकतर्फी झाला. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा समोरचा संघ इतका मागे पडला होता की त्यांची माणसं उठून गाड्यांकडे निघाली होती.

“आता बसवतील त्याला,” अर्नेटा म्हणाली.

“वेडी का काय!” क्लोडीन ओरडली. “विक्रम राहिलाय ना! आणखी थोडंच पळायचंय. कॉलेजच्या इतिहासात एवढं कुणी पळलेलं नाही!”

कर्ण्यावरून तेच सांगत होते, आणि सगळं स्टेडियम एका सुरात ओरडत होतं, “कॉर्डेलला बॉल द्या! कॉर्डेलला बॉल द्या!” कोच ब्रँटनी दिला. कॉर्डेल घुसला, पडला, उठला. पुन्हा दिला. पुन्हा पडला. अर्नेटाला आता त्या आरोळीचा इतका संताप आला होता, की एकेकाला बसमधून खाली उतरवावं तसं ह्या सगळ्यांना स्टेडियमबाहेर काढावंसं वाटत होतं. अरे, जिंकलात ना? मग आता कशाला?

मग तिनं ते पाहिलं. ढिगाखालून उठल्यावर कॉर्डेल खाली वाकला आणि त्यानं मोजे वर ओढले.

मोजे वरच होते. गुडघ्यापर्यंत घट्ट चढवलेले होते. पण लहानपणापासून कॉर्डेलला कुठे लागलं की तो रडायचा नाही, वाकून मोजे ओढत बसायचा, दुखणं ओसरेपर्यंत. सायकलवरून पडला तेव्हा ओढले होते. आजी गेली त्या दिवशीही ओढले होते, काळ्या बुटांतले. जगात हे फक्त तिलाच ठाऊक होतं. तिनं बाकाकडे पाहिलं. कोच ओठ दिसू नयेत म्हणून कागदानं तोंड झाकून पुढची चाल सांगत होते. लॅमर हेल्मेट मांडीवर घेऊन पाणी पीत होता.

अर्नेटा उभी राहिली. “कॉर्डेल!” ती ओरडली. त्या गदारोळात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. तेव्हा तिनं हात वर केला आणि आपल्या पिवळ्या टोपीवर मारला. पुन्हा मारला. ये बाहेर. हात मार. ये बाहेर.

“हे नवीन आहे होय?” क्लोडीन खूश होऊन म्हणाली, आणि तीही उठून आपल्या डोक्यावर हात मारायला लागली.

“अगं, तू नको! मी त्याला सांगतेय—”

पण क्लोडीननं एकदा हाती घेतलेलं काम सोडलं आहे कधी? तिनं मागच्या रांगेला खूण केली. कॉर्डेलच्या आईनं काढलंय म्हटल्यावर मागच्या रांगेनं डोक्यावर हात मारायला सुरुवात केली, मग तिच्या मागच्या रांगेनं. बँडवाल्या पोरांनी तर ताल धरला. धाप धाप, “कॉर्डेल!” धाप धाप, “कॉर्डेल!” कॅमेऱ्यावाल्यानं हे सगळं कुठून सुरू झालं ते शोधून काढलं, आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या अवाढव्य पडद्यावर अर्नेटा दिसायला लागली, पिवळ्या टोपीसकट. भरलेलं स्टेडियम तिच्याकडे बघून हसत होतं आणि तिचीच खूण करत होतं. पोराला थांबवायला गेलेल्या बाईनं हजारो लोकांना त्याला पळवण्याची नवी तऱ्हा शिकवली होती.

तिला रडू कोसळलं. पडद्यावर तेही दिसलं, आणि लोकांना वाटलं आईचा ऊर भरून आलाय. ते आणखी जोरानं हात मारायला लागले.

तिनं मात्र हात थांबवला नाही. आता थांबून जायचं तरी कुठे?

खाली संघ चालीसाठी उभा राहिला होता. कॉर्डेल आपल्या जागी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला होता. गोंगाट भलताच वाढला म्हणून त्यानं मान वर केली, पडद्याकडे पाहिलं, मग मागे वळून थेट तिच्याकडे पाहिलं. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

त्यानं उजवा हात उचलला आणि आपल्या हेल्मेटवर दोनदा मारला.

आधी टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, तो साथ देतोय. पण तो तसाच वळला आणि बाकाकडे चालायला लागला. लॅमरनं घाईघाईत हेल्मेट चढवलं आणि धावत आत गेला. तेव्हा कुठे एकेक हात खाली यायला लागला. बँड अर्ध्यातच बंद पडला. क्लोडीनचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला होता.

“हे... तू हे सांगत होतीस?” ती म्हणाली.

“कधीपासून!” अर्नेटा म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

विक्रम राहिला तो राहिलाच. सामना संपल्यावर खेळाडूंच्या दारापाशी घरचे लोक उभे राहतात, एकमेकांना मिठ्या मारतात. त्या दिवशी अर्नेटाभोवती बरीच मोकळी जागा होती. कुणीतरी मागून, ऐकू जाईल इतपत हळू म्हणालं, “लेकराला अंगाई गायची राहिली असेल.” एरवी तिनं त्याची सालटी काढली असती. आज तिनं टोपी काढून पर्समध्ये ठेवली.

कॉर्डेल सगळ्यांत शेवटी आला.

“कोच काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“काहीच नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

“आणि ती मोठ्या संघांची माणसं?”

“आली होती.” त्यानं खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “आई, मी दमलो नव्हतो हं.”

“मग का मारलास हात?”

“तू उभी होतीस. एवढ्या सगळ्यांत. सगळे तुझ्याकडे बघून हसत होते आणि एकालाही कळत नव्हतं तू काय म्हणतेस ते.” तो जमिनीकडे बघत होता. “मला कळत होतं. मग मी काय करणार होतो?”

पोरानं काय गमावलं हे अर्नेटाला कळत होतं, आणि ते तिच्यामुळे गमावलं हेही. तरी आतून तिला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती. ती म्हणाली, “चल, कोंबडी तळून आणलीय, गाडीत आहे.”

समोर गाड्यांकडे उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. कॉर्डेलनं कठडा धरला आणि तो एकेक पायरी, तिरका होऊन, उजवा पाय जपत उतरला. ती त्याच्या मागे सावकाश उतरली.

ती घरी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. टीव्ही बंद होता. रॉस्को खुर्चीत बसला होता. वाटेत तिनं भांडणाची सगळी उत्तरं तयार करून ठेवली होती.

“बोल,” पर्स ठेवत ती म्हणाली. “बोलून टाक एकदाचं. बुडवलं मी तुझ्या पोराला. सगळ्या गावासमोर तमाशा केला.”

“टीव्हीवर दाखवलं,” रॉस्को म्हणाला.

“माहितीय.”

“पुन्हा पुन्हा दाखवलं. तू, मग तो. तू, मग तो.” तो बंद टीव्हीकडे बघत होता. “पाय धरलाय का त्याचा?”

“उजवा.”

“वाटलंच मला. मोजे ओढत होता.”

अर्नेटा जागच्या जागी थांबली. “तुला माहीत होतं?”

“मला दिसत नाही का?” तो चिडून म्हणाला. मग तो तिच्याकडे वळला. “एवढंच करायचं असतं? डोक्यावर हात मारला की झालं? मग घेतात बाहेर?”

“एवढंच.”

“आणि कुणी काही म्हणत नाही?”

“म्हणतात. पण घेतात.”

“बघू, कसा मारायचा?”

“रॉस्को, पुरे झालं आता. तुला वाढते.”

“दाखव तर.”

तिनं आपल्या डोक्यावर दोनदा हात मारून दाखवला. रॉस्कोनं लक्ष देऊन पाहिलं. मग त्यानं खुर्चीच्या हातावरचा उजवा हात उचलला. हात छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला, आणि तिथेच अडकला. त्यानं दात आवळले. मान खाली घालून डोकंच हाताकडे नेऊन बघितलं, तरी बोटं कानाच्या पाळीच्या वर गेली नाहीत. त्यानं हात पुन्हा खुर्चीच्या हातावर ठेवला.

अर्नेटा स्वयंपाकघरात गेली, कालचा मासा गरम केला आणि ताट आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.