निरांजनातलं तूप

मंडळी, भुताला भिणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण तुपाला भिणारी बाई पाहिलीय का कधी? ऐरोलीच्या मीनाची ही गोष्ट ऐका. नव्वदच्या दशकातली. तिची बिल्डिंग नवीकोरी, निम्मे फ्लॅट अजून कुलुपात. जिना चढताना आपल्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटायचा.

मीनाचा नवरा श्यामसुंदर एपीएमसीच्या दाणाबाजारात नोकरीला होता. खाण्याचा भारी शौकीन! भातावर तुपाची धार धरली की ‘बास’ म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं. ऐन चाळिशीत हार्ट अ‍ॅटॅकनं गेला. तेरावा उरकला आणि मीनानं तेला-तुपाचे डबे उचलून देऊन टाकले.

“या घरात आता फोडणीचा वाससुद्धा नको!” तिनं लेकीला, ईश्वरीला, बजावलं. तेव्हापासून उकडलेल्या भाज्या, कोरडी भाकरी, साय काढलेलं दूध. शेंगदाणे-खोबरंही बंद. वाढत्या वयाची पोर मुकाट्यानं गिळायची. घरात तूप उरलं ते एकाच कामासाठी. तिन्हीसांजेला श्यामसुंदरच्या फोटोपुढे मीना तुपाचं निरांजन लावायची. तुपाची वाटी एरवी कपाटात, कुलपाआड.

वर्षश्राद्ध जवळ आलं आणि आक्रीत सुरू झालं. मीना निरांजन लावून कुकर चढवायला आत गेली, परतली तो दिवा विझलेला! वात ताटलीत बाजूला काढून ठेवलेली, तिच्यातून धूर निघतोय, आणि निरांजन पुसल्यासारखं लख्ख कोरडं. खिडक्या बंद, दाराला कडी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर फोटोच्या काचेवर, श्यामसुंदरच्या ओठांवरून गालापर्यंत, तुपकट बोटांचे फराटे!

मीना फोटोसमोरून मागे सरली. ‘आले! तुपासाठी जीव अडकला यांचा.’ बोलणार कुणापाशी? तिनं निरांजन काठोकाठ भरायला सुरुवात केली. हात जोडून पुटपुटायची, “घ्या हो, हवं तेवढं घ्या. पण माझ्या पोरीला हात लावू नका.”

कारण पोरीकडे बघून तिच्या काळजाचं पाणी होत होतं. ईश्वरीचे गाल बसले होते, कातडी खरखरीत झाली होती, कंगव्यात केसांचे पुंजके येत होते. ओठावर फोड. आणि दिवस कलला की पोर घरातल्या घरात अडखळायची. हेच तिला ओढून नेतायत, मीनाच्या मनानं घेतलं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून मालतीबाई आल्या. श्यामसुंदरची थोरली बहीण, सगळी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून घालवलेली. मीनानं कुजबुजत सगळं सांगितलं. मालतीबाई म्हणाल्या, “माझा भाऊ जिवंतपणी कुनाला भिववत नव्हता, मेल्यावर काय भिववनार! आज आपन दोघी बघू.”

तिन्हीसांज झाली. नेमकी लाईट गेली. खोलीत निरांजनाचा तेवढा उजेड. दोघी पडद्याआड श्वास रोखून उभ्या.

भिंत चाचपत एक सावली आली. केस मोकळे, हातपाय काटक्यांसारखे. बोटं भिंतीवरून सरकत फोटोवर गेली, काच चाचपली, खाली उतरली. फुंकर! अंधार. आणि मग चाटण्याचा आवाज, मागोमाग काचेवरून तुपकट बोटं घसरल्याची करकर.

“अहो, नका!” मीना किंचाळली. मालतीबाईंनी बॅटरी मारली.

तुपानं माखलेल्या ओठांची ईश्वरी उजेडात डोळे मिचकावत होती.

“आई, रागवू नको ना,” ती हुंदक्यांतून बोलली. “पोट भरतं, पण भूक जातच नाही. जीभ भाजते, तरी राहवत नाही गं. अंधार पडला की मला दिसत पण नाही नीट. मी... मी बाबांचं तूप खाल्लं!”

मीना मालतीबाईंकडे वळली.

“वन्सं, मी हिला रोज गाजरं देते हो, पपई देते!”

“देतेस, पन अंगाला लागायला नकोत?” मालतीबाई कडाडल्या. “त्यातलं डोळ्यांचं सत्त्व तेला-तुपाशिवाय अंगात मुरत नाही, बाई! श्यामला तुपानं नाही मारलं, अतीनं मारलं. ताटात तुपाचं तळं, वर तळन, सिगरेटी, आनि चालायचं नाव नाही. निरोगी मोठ्या मानसाला दिवसाचं सगळं मिळून चार-पाच चहाचे चमचे तेल-तूप पुरे. त्यात तूप एखादाच चमचा, बाकी तेल. दाने, दूध यांतून मिळतं ते येगळं. वाढत्या पोरीला तर हात आखडूच नये. त्यानं अती केलं, तू शून्य केलंस. दोन्ही घातकच! उद्या सकाळी पोरीला डॉक्टरकडं न्यायची.”

मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “मेलेल्याला काठोकाठ वाढत होतीस गं. जितं लेकरू बाजूलाच उपाशी होतं.”

हे मात्र मीनाच्या काळजात घुसलं! तिनं लेकीला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली. मग उठली, कपाटातली वाटी काढली आणि ईश्वरीच्या गरम वरणभातावर चमचाभर तूप सोडलं. वर्षभरानं त्या घरात भाताला वास आला.

डॉक्टरांनी औषध दिलं, फोडणी परतली. पण चमच्यानं मोजून. काही महिन्यांत ईश्वरी तिन्हीसांजेला धावत दार उघडू लागली. निरांजन आता तीच लावते, आणि ते तूप संपेपर्यंत जळतं. फोटोच्या काचेवरचे बोटांचे फराटे मात्र मीनानं पुसले नाहीत. हात आखडायला लागला की ती तिकडे बघते.

वाचकहो, भूत त्या घरात खरंच होतं, पण ते भीतीचं होतं. तेला-तुपाला भिऊ नका, त्याचं प्रमाण चुकायला भ्या. आणि आज रात्री वाढायला बसाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या ताटाकडे एकदा नीट बघा!